आदगोंडा अण्णांचा अंगठा

आमच्या गल्लीतले आदगोंडा अण्णा नमस्कार करत नाहीत. समोरच्याचा उजवा हात धरतात, अंगठा उजेडाकडे फिरवतात आणि निकाल देतात. पहिल्या भेटीत मलाही दिला होता. "मास्तर, तुमचा झकास हाय. जन्मभर खडूच धरलाय की!" यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मला अजून कळलेलं नाही.

अण्णा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. तीस-बत्तीस वर्षं वाळू दाबून साचे केले आणि बोटांवरच्या रेषा त्या वाळूत घासून गेल्या. सगळ्या सोबत्यांची तीच गत. नोकरीत असताना कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पेन्शन सुरू झाली, दरवर्षी हयातीचा दाखला द्यायची वेळ आली, तेव्हा मशीन अंगठा ओळखेना. अंगठा उठला नाही की दाखला नाही, आणि दाखला नाही की पेन्शन बंद. त्यांचा एक जोडीदार मशीनसमोर छाती बडवून ओरडला होता, "आरं, जित्ता हाय की मी!" मशीननं मानलं नाही.

तेव्हापासून अण्णांनी हे खातं स्वतःकडे घेतलं. दाखला नोव्हेंबरात, म्हणून ऑक्टोबर लागला की दहा-बारा निवृत्त मोल्डर संध्याकाळी त्यांच्या कट्ट्यावर हजर. कोमट पाणी, खोबरेल तेल आणि अण्णांची शिस्त. तंबाखू मळायची नाही, चुना अंगठा खातो. भांडी तर अजिबात घासायची नाहीत. "सुनंला सांगा, अण्णानं मना केलंय. अंगठा हाय तर माणूस हाय!" हा आडदांड माणूस एकेकाचा हात मांडीवर घेऊन असा हळुवार चोळायचा, की बाळंतघरच्या बायकांनी शिकावं. सरकारी योजना कागदावर कितीही चांगली असो, ती माणसापर्यंत पोचायला मध्ये असा एखादा अण्णा लागतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या मुलीला बघायला पेठ वडगावची मंडळी आली, तेव्हा शेजारी म्हणून अण्णाही येऊन बसले. मुलाचे वडील फाउंड्रीतूनच निवृत्त झालेले. अण्णांनी पोह्यांची बशी बाजूला सारून त्यांचा अंगठा धरला. "पावणं, औंदा तुमचं अवघड हाय!" पाहुण्यांचा चेहरा पडला. तरी लग्न जमलं, आणि ऑक्टोबरात आमचे व्याही सगळ्यांच्या आधी कट्ट्यावर येऊन बसले.

पुढं काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, गेल्या. त्या नोव्हेंबरातही अण्णा सगळ्यांना घेऊन ई-सेवा केंद्रात गेले. मीही सोबत होतो. सगळ्यांचे अंगठे एका दमात उठले. शेवटी अण्णांनी आपला ठेवला. मशीन नाही म्हणालं. पुसून ठेवला, फुंकर घालून ठेवला. नाहीच. अण्णा अंगठा मुठीत मिटून केंद्राबाहेर पडले.

परत येताना मीच त्यांचा अंगठा उजेडाकडे फिरवला. गुळगुळीत झालेला, कडेला राखेनं भेगाळलेला.

"अण्णा, भांडी घासता?"

"मग कोण घासणार, मास्तर?"

मला स्वतःची लाज वाटली. भिंतीला भिंत लागून राहत होतो आम्ही. त्या दिवसापासून आमच्या हिनं त्यांचं दोन्ही वेळचं ताट आमच्याकडे वाढायला सुरुवात केली आणि संध्याकाळी मी पाणी तापवू लागलो. पहिल्या दिवशी अण्णांनी हात मागे घेतला. "हे काम तिचं हुतं," एवढंच म्हणाले. मग दिला. पंधरा दिवस चोळल्यावर अंगठा उठला आणि अण्णा सरकारदरबारी जिवंत झाले.

आता मोबाइलसमोर चेहरा धरला तरी दाखला होतो. कट्ट्यावर कुणी येत नाही. पण ऑक्टोबर लागला की अण्णा संध्याकाळी आमच्या पायरीवर येऊन बसतात.

"अण्णा, आता अंगठा लागत नाही," मी गेल्या वर्षी म्हणालो.

"ठावं हाय की," अण्णा म्हणाले, आणि हात पुढं केला.