फौजदारांच्या तीन सूचना

मंगळवारी सकाळी हेडक्लार्कनी टेबलावर मूठ आपटली आणि कॉम्प्युटरवर ओरडले, "अरे गाढवा, ही माझी बहीण आहे!"

ऑफिसात कोणी मान वर केली नाही. वजनकाटे बनवणाऱ्या त्या कारखान्यात हेडक्लार्कना पाठीमागे 'फौजदार' म्हणत, आणि फौजदार दिवसातून चारदा कोणाला तरी गाढव म्हणतच. फक्त आजचं गाढव त्यांनी स्वतःच्या हातांनी पाळलेलं होतं.

झालं होतं असं. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मेलच्या डोक्यावर यंत्र आपोआप एक सूचना चिकटवायचं : 'सदर संदेश बाह्य स्रोताकडून प्राप्त झाला असून आवश्यक ती दक्षता घ्यावी.' असली भाषा वाचून माणूस दक्ष होत नाही, त्याला जांभई येते. अकाउंटंटनी अशीच जांभई देत एका भामट्याचा मेल उघडला आणि अख्ख्या कारखान्याचे कॉम्प्युटर दोन दिवस बंद पडले. साहेब कडाडले, "लोक वाचतील असं काहीतरी लिहा!" आणि ते काम आलं फौजदारांकडे. त्यांची साधी रजा नामंजूर केल्याची चिठ्ठीसुद्धा लोक दोनदा वाचत आणि पाणी पीत.

फौजदारांनी अकाउंटंटवरचा सगळा राग ओतून तीन सूचना लिहिल्या. अनोळखी माणसाच्या मेलवर पिवळी : 'ओळख ना पाळख, आणि पत्र लिहितोय. दोनदा वाचा, मग ठरवा.' वर्षभर गायब राहून पुन्हा उगवलेल्यावर नारिंगी : 'इतकी वर्षं हा कुठे होता? आज आठवण झाली म्हणजे काहीतरी काम आहे.' आणि लाल : 'गोड बोलणं, घाई आणि वर "लगेच कळवा" म्हणजे चोर दारात उभा आहे. दार उघडू नका.' लोक हसत हसत वाचू लागले, भामट्यांचे मेल उघडेनासे झाले. साहेबांनी पाठ थोपटली. फौजदार आठवडाभर कोणावर ओरडले नाहीत, इतके खूश होते.

आणि आता त्यांच्याच पडद्यावर नारिंगी आणि लाल अशा दोन्ही सूचना एकाखाली एक चिकटल्या होत्या, आणि त्यांच्या खाली ताईचं पत्र होतं.

ताई आणि ते आठ वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. भांडण वडिलांच्या आरामखुर्चीवरून झालं होतं. खुर्ची फौजदारांनी ताई कामावर गेलेली असताना टेम्पोत घालून आणली, ताई तिच्या मागोमाग आली, आणि दारात उभं राहून फौजदार म्हणाले होते, "या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस." म्हणाले त्या रात्रीच त्यांना पश्चात्ताप झाला होता, पण पश्चात्ताप झालेला दाखवायची त्यांच्या घराण्यात कोणाला सवय नव्हती. तीन वेळा फोन हातात घेतला आणि तीनही वेळा ठेवला. चौथ्यांदा केला तेव्हा ताईचा नंबर बदललेला होता.

भांडणाआधी ताई त्यांना कारखान्याच्या पत्त्यावर मेल पाठवायची; तोच पत्ता तिने शोधून काढला होता. तिने लिहिलं होतं : 'गुरुवारी तुझ्या गावात काम आहे. दुपारी मोकळी आहे. येऊ का? लगेच कळव, तिकीट काढायचंय. तुझी आठवण येते.'

गोड बोलणं, घाई, लगेच कळव. यंत्राचं काहीच चुकलं नव्हतं, आणि याचाच फौजदारांना जास्त संताप आला. त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. आधी एक पानभर लिहिलं, खोडलं. मग अर्धं पान, तेही खोडलं. दीड तासाने त्यांनी पाठवलं : 'ये. वाट बघतो.' पाठवून झाल्यावर ते उगाचच खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि अकाउंटंटनी विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी चक्क सरळ उत्तर दिलं.

बुधवारी फोन वाजला. वीस काट्यांची चौकशी करणारे एक गोदामवाले होते.

"तुम्ही काटे विकता का लोकांच्या जबान्या घेता?"

"काय झालं?"

"मी साधी माहिती विचारली. तुमच्या उत्तराच्या खाली लिहिलंय, इतकी वर्षं हा कुठे होता! मी कुठे होतो हे तुम्हाला सांगू? दुसऱ्या काट्यावाल्याकडे होतो, आणि आता तिकडेच जातो!"

फौजदार तरातरा संगणक विभागात गेले. तिथल्या बाई शांतपणे टोस्ट खात होत्या.

"मेलला उत्तर दिलं की खाली मूळ पत्रही जातं ना," बाई म्हणाल्या. "मग वरची सूचना त्याच्याबरोबर जाणारच. आपण पुसायची असते."

"हे आधी कोणी सांगायचं?"

"जुनी सूचना पण जायची, सर. पण ती कोणी वाचतच नव्हतं."

फौजदारांना ताईला पाठवलेलं उत्तर आठवलं. 'ये, वाट बघतो' आणि त्याच्याखाली 'चोर दारात उभा आहे, दार उघडू नका.' ते धावत टेबलाशी आले. ताईचा मेल येऊन पडला होता : 'छान उत्तर दिलंस. आठ वर्षं विचार करून लिहिलेलं दिसतंय.'

त्यांनी घाईघाईने टाइप केलं, 'ताई, खालचं वाचू नकोस. ते मीच लिहिलंय, पण तुला नाही.' आणि पाठवल्यावर लक्षात आलं की खालचं पुसायचं पुन्हा राहिलं. त्याच दोन्ही सूचना ताईला पुन्हा एकदा गेल्या.

ताईचं उत्तर पाच मिनिटांत आलं. त्यात 'नालायक' हा शब्द तीनदा होता. तो शब्द बघून यंत्राने ताईला काळ्या यादीत टाकलं, पत्रांचं येणं-जाणं दोन्ही बंद केलं आणि तिला परस्पर कळवून टाकलं : 'आपलं पत्र इथे घेतलं जाणार नाही. पुन्हा तसदी घेऊ नये.'

"हे कोणी लिहिलं?" फौजदार संगणक विभागात जाऊन गरजले.

"तुम्हीच, सर. सूचनांच्या कागदाच्या मागच्या बाजूला होतं."

"काढा तिला यादीतून! आत्ताच्या आत्ता!"

"विभागप्रमुखांची सही लागते."

"मीच विभागप्रमुख आहे!"

"पण स्वतःला आलेल्या मेलसाठी स्वतः सही करता येत नाही. मोठ्या साहेबांची लागते, आणि साहेब शुक्रवारी येणार." बाईंनी टोस्ट खाली ठेवला. "तो नियमही तुमचाच आहे, सर. अकाउंटंटसाठी केला होता."

स्वतःच्या नियमाला शिव्या देणं किती कठीण असतं ते फौजदारांना त्या दुपारी कळलं. त्यांनी अकाउंटंटना दिल्या, बाईंना दिल्या, प्रिंटरला दिल्या, पण कोणत्याही शिवीने समाधान होईना. घरी गेले तर बायको म्हणाली, "तुम्ही तिला तोंडावर बोललात ते कमी होतं म्हणून आता लेखी दिलंत?" ते जेवलेच नाहीत.

गुरुवारी ते कामावर आले ते नुसते बसायला. तिकीट तिने काढलंच नसणार. आता आठाची सोळा वर्षं होणार आणि नंतर कोणीतरी तिसराच माणूस फोन करून काहीतरी कळवणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आपण मूर्ख आहोत असं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

साडेबारा वाजता गेटवरून वॉचमनचा फोन आला.

"सर, एक बाई आल्यात. नाव सांगत नाहीत. म्हणतात, चोर दारात उभा आहे म्हणून कळवा."

फौजदार जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेले. ताई गेटबाहेर उन्हात उभी होती, केस पांढरे झालेले, हातात छापलेला कागद. त्यांना बघताच तिने खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"इतकी वर्षं हा कुठे होता! हा? मी हा? बहिणीला हा म्हणतोस?"

"अगं, ते यंत्र लावतं!"

"लिहिलं कोणी?"

"मी लिहिलं, पण सगळ्यांसाठी!"

"म्हणजे सगळ्यांना असंच बोलतोस? शरम वाटत नाही?"

"आणि तू? येऊ नको असं लिहिलेलं वाचलंस, तरी आलीस?"

"वाचलं म्हणूनच आले!" ताई कडाडली. "तू नुसतं 'ये, वाट बघतो' लिहिलं असतंस तर मी आलेच नसते. दहा वेळा वाचलं ते. एवढा गोड तू कधीपासून झालास? मला वाटलं, कोणीतरी दुसऱ्यानेच लिहून दिलंय. खालचं वाचलं तेव्हा कळलं, हा तूच. म्हटलं, थांब, आता येऊन दाखवते."

फौजदारांनी गेट उघडायला हात घातला, तेवढ्यात वॉचमन वही घेऊन मध्ये आला. नोंद केल्याशिवाय पाहुण्याला आत सोडायचं नाही असा नियम होता. कोणी केला होता, हे विचारायची फौजदारांना हिंमत झाली नाही.

"कोणाकडे आलात?" वॉचमनने विचारलं.

"याच्याकडे."

"काम?"

"भांडायचंय."

वॉचमनने फौजदारांकडे बघितलं. फौजदारांनी नाक ओढलं आणि मान हलवली. वॉचमनने 'भांडण' असं लिहून घेतलं.

"किती वेळ लागेल?"

"आठ वर्षांचं साठलंय," ताई म्हणाली. "तूच लिही अंदाजाने."

वॉचमनने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि 'गेट बंद होईपर्यंत' असं लिहिलं.