गुंडूअण्णांची चप्पल आणि आयर्लंडचं टोक

“लिहा, मास्तर,” सयाजीराव खोराटे म्हणाले. “‘उंची पाच फूट तीन इंच, पण ती फक्त शरीराची. बुद्धीची उंची मोजायची पट्टी अजून निघायची आहे. नजर घारीची, नाक मुंगीचं, जीभ...’ जिभेला काय लिहावं?”

“लांब?” मी सुचवलं.

“तीक्ष्ण लिहा. ‘एकतीस वर्षं दूध संकलन केंद्रावर तपासनीस. दुधात पाणी आहे की नाही हे नुसतं बोट बुडवून ओळखलं. कुठल्या विहिरीचं, तेही ओळखलं. असा माणूस निवृत्त होऊन गुप्तहेर होतो, तेव्हा गुन्हेगारांनी शेती बघावी.’ पूर्णविराम द्या.”

मी पूर्णविराम दिला. शाळेच्या ग्रंथालयात चाळीस वर्षं काढलेला माणूस मी. पूर्णविराम मला बऱ्यापैकी जमतो. बाकी काय जमतं, याबद्दल खात्री नाही. सयाजीरावांनी मला साहाय्यक म्हणून केव्हा नेमलं, तेही आठवत नाही. मी नको म्हणालो नव्हतो, एवढंच पुसट आठवतं.

हे लिखाण आयर्लंडमधल्या एका खेड्यातल्या छोट्या विश्रामगृहात चाललं होतं. कोल्हापुरातून आमची अठरा माणसांची सहल निघाली होती. बारा दिवसांत या बेटाचा किनारा आणि गावं बघायची होती. आजचा सहावा दिवस. साडेनऊला बस सुटणार, आणि जिथं जमीन तुटून खाली समुद्रच लागतो त्या कड्यांवर आम्ही चालत जाणार. आत्ता साडेसात वाजले होते.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून आवाज आला. आमच्या सहलीत असा आवाज एकाच व्यक्तीला होता. धोंडुबाई. वीस एकरांपलीकडच्या म्हशीला घरी बोलवायचा तो आवाज.

“आवं, चप्पल गेली की ह्यांची!”

सयाजीरावांनी खिशातून दुग्धमापक काढला. ही काचेची नळी ते भिंगाच्या ऐवजी वापरतात.

“मास्तर, नवीन पान घ्या.”

वर गेलो, तर धोंडुबाईंचे यजमान गुंडूअण्णा खोलीच्या दारात अनवाणी उभे होते. माणूस आडदांड, पण आत्ता शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा दिसत होता.

“काल सांजच्याला हितं दाराबाहीर काढलीती,” ते म्हणाले. “आता बघतो तर न्हाय.”

“बाहेर?” आमचा सहल व्यवस्थापक मुजम्मिल धावत आला. “अण्णा, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की! बूट, चप्पल खोलीत ठेवा म्हणून.”

“उंबऱ्याच्या आत पायताण? आईनं न्हाय शिकीवलं आमाला.”

बाकी सगळ्यांनी कोल्हापूरच्या शाहूपुरीतून आणलेले बूट मुकाट्यानं खोलीत घेतले होते. गुंडूअण्णांना मात्र बूट चालत नसत. तालमीत असताना त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं मोडून तशीच वाकडी जुळली होती. गावातल्या कारागिरानं कागदावर पाऊल ठेवून, माप घेऊन जी कातडी चप्पल केली, तेवढीच त्यांना बसे. दुसरी आणलीच नव्हती.

“तुम्ही जावा समदी,” अण्णा खाली बघत म्हणाले. “मी हितंच बसतो.”

धोंडुबाई तिथंच जिन्याच्या पायरीवर बसल्या. “मग मी बी न्हाय.”

“अगं, तू जा की.”

“चाळीस वर्सं म्हशीच्या मागनं हिंडले. तवा तुमी काय म्हणलासा? एकदा तुला जमीन संपती ती जागा दावतो. तुमी दावणार व्हता. एकटीनं बघायला मी काय पावणी हाय?”

मुजम्मिलचा चेहरा उतरला. त्याची ही पहिलीच परदेशी सहल होती. मला मनातून वाटलं, खाली विश्रामगृहाच्या मालकीणबाई आहेत, त्यांना जाऊन विचारलं तर? पण हे इतकं सोपं होतं की चुकीचंच असणार, असं वाटून मी गप्प बसलो.

मुजम्मिलला मात्र ते सुचलं. “खाली नोराबाईंना विचारतो.”

“खबरदार!” सयाजीराव गरजले. “ही घराची मालकीण. म्हणजे पहिल्या क्रमांकाची संशयित. तिला सावध करायचं नाही. तपास संपेपर्यंत कुणीही स्वयंपाकघराकडे फिरकणार नाही.”

“पण साहेब, साडेनऊला बस...”

“बाळ, मी साडेचारशे गवळ्यांना घाम फोडलाय. बस थांबेल.”

ते खाली वाकले. दारापुढच्या गालिच्यावर एक ओलसर डाग होता. त्यांनी त्याला बोट लावलं आणि बोट जिभेला लावलं.

“चिखल,” ते डोळे मिटून म्हणाले. “पण गोड. गवताचा. गुरं चांगली पोसलेली. लिहा.”

मी लिहिलं. काल दिवसभर पाऊस होता आणि गुंडूअण्णा तीच चप्पल घालून शेतातून हिंडले होते, हेही लिहावं का असा विचार केला. पण तपास त्यांचा होता.

नंतर आम्ही खाली न्याहारीच्या खोलीत आलो. टेबलावर दुधाचं भांडं होतं. सयाजीरावांनी त्यात दुग्धमापक सोडला, वाकून आकडा वाचला, मग एक घोट घेतला आणि टोपी काढून बाजूला ठेवली.

“पाण्याचा थेंब नाही,” ते हळव्या स्वरात म्हणाले. “एकतीस वर्षांत असं दूध बघितलं नाही. मास्तर, ज्या गावात दुधात पाणी नाही, त्या गावात चोर नाही. मालकीण निर्दोष. चोर आपल्यातलाच आहे.”

“मग आता नोराबाईंना विचारू?” मुजम्मिल म्हणाला.

“आता तर मुळीच नाही. घरची भानगड परक्यांना सांगायची? कोल्हापूरची अब्रू आहे.” सयाजीराव त्याच्याकडे वळले. “आणि तुला चपला आत ठेवा म्हणून सांगायचं सुचलंच कसं? चोरी होणार हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं!”

“अहो, छापील सूचना असतात त्या!”

“म्हणजे पूर्वनियोजित. छापून!”

मुजम्मिल खुर्चीत बसला. आमच्याच गल्लीतल्या फातिमाभाभी शेजारी गोळीचं पाकीट हातात धरून बसल्या होत्या. गोळी गरम पाण्याबरोबर घ्यायची होती, आणि गरम पाणी बंदी घातलेल्या स्वयंपाकघरात होतं.

“सयाजीभाई, पोराला कशाला बोल लावताय?” त्या म्हणाल्या. “त्याच्या पायात अण्णाची चप्पल घातली तर दोन पोरं मावतील तिच्यात.”

सयाजीरावांनी यावर बराच विचार केला आणि मुजम्मिलला सोडून दिलं. “मापाचा मुद्दा ग्राह्य. मग एवढ्या रुंद चपलेचा उपयोग कुणाला?”

खिडकीबाहेर कुंपणापाशी एक मेंढी उभी होती. इथल्या मेंढ्यांच्या पाठीवर मालकानं ओळखीसाठी रंग लावलेला असतो. हिच्या पाठीवर लालभडक ठिपका होता आणि ती काहीतरी चघळत होती.

“तोंड बघा तिचं,” सयाजीराव कुजबुजले. “चामडं!”

पुढची वीस मिनिटं आम्ही पावसात मेंढीच्या मागं होतो. सयाजीरावांचं म्हणणं, लाल ठिपका म्हणजे टोळीची खूण. कारण कुंपणापलीकडे निळ्या ठिपक्यांची दुसरी टोळी होती. मेंढीनं अखेर तोंडातलं खाली टाकलं. सयाजीरावांनी ते उचललं. मी डोळे मिटून घेतले. बोट जिभेला लागलं असावं, कारण ते म्हणाले, “गवत.”

परत आलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. बाहेर बसचं इंजिन सुरू झालं होतं. धोंडुबाई अजून पायरीवर, अण्णा त्यांच्या वरच्या पायरीवर. अण्णांनी पायात माझे मोजे घातले होते. तेवढं तरी मी देऊ केलं होतं.

“आता एकच शक्यता उरते,” सयाजीराव माझ्याकडे रोखून बघत म्हणाले. “सगळा तपास सुरू असताना एक माणूस एकदाही बोलला नाही. अण्णाला मोजे दिले कुणी? चप्पल गेल्यावर मोजे लागणार हे कुणाला ठाऊक होतं? गप्प बसणारी म्हैस लाथ मारते, मास्तर.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. अशा वेळी माणसानं खवळून उठायला हवं, असं मी पुस्तकांत वाचलेलं आहे. पण माझा माझ्यावर तेवढा विश्वास नाही. मी “एक मिनिट” म्हणालो, खोलीत गेलो आणि माझी बॅग तपासली. वरचा कप्पा बघितला, खालचा बघितला, कपड्यांच्या घड्या उलगडल्या. चप्पल नव्हती. मला खरोखर हायसं वाटलं. खाली येऊन मी म्हणालो, “नाही, मी घेतलेली नाही. आत्ताच बघितलं.”

“या खुदा!” फातिमाभाभी ताडकन उठल्या. “एक गोळी खायला दीड तास झाला बसलीया मी. चोर सापडू दे न्हायतर मरू दे, मला पाणी पायजे!”

“भाभी, थांबा! तपासात बाधा...”

“बाधा गेली चुलीत.” आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

भाभींना इंग्रजी येत नाही आणि नोराबाईंना दुसरं काही येत नाही. तरी आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. तीन मिनिटांनी भाभी बाहेर आल्या. एका हातात गरम पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात गुंडूअण्णांची चप्पल, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

मागून नोराबाई पिठाचे हात पुसत आल्या. त्यांचं बोलणं मुजम्मिलनं मराठीत सांगितलं. इथं सदा पाऊस. भिजलेले बूट पाहुणे दाराबाहेर ठेवतात ते वाळवायला द्यायचे म्हणून, असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी ही चप्पल काल संध्याकाळी उचलून चुलीवरच्या फळीवर ठेवली. बुटांच्या आत ओल शोषायला कागदाचे बोळे कोंबतात, पण या चपलेला आतच नव्हतं. मग गुंडाळली. पहाटेपासून तीन वेळा उलटी-पालटी केली म्हणे.

“आई गं,” धोंडुबाई म्हणाल्या. “आपल्या म्हशीचं पारडं बी कुणी एवढं जपत न्हाय.”

गुंडूअण्णांनी चप्पल पायात घातली. ती चुलीनं गरम झाली होती. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर तसलं सुख मी क्वचित बघितलंय.

“लिहा,” सयाजीराव म्हणाले. “‘गुन्हेगार: आयर्लंडचा पाऊस. फरार.’”

बस दहाला सुटली.

कड्यावर वारा असा होता की बोललेला शब्द न् शब्द उडून जायचा. तारेच्या कुंपणापाशी अण्णा आणि धोंडुबाई शेजारी शेजारी उभे होते. हिरवं गवत एकदम संपत होतं आणि खाली, फार खाली, पांढरा फेस होता. मी भाभींच्या शेजारी होतो. उगाच कबूल करून टाकलं.

“भाभी, नोराबाईंना विचारावं हे मला सकाळीच सुचलं होतं.”

“आमाला ठाव हाय, मास्तर,” त्या म्हणाल्या. “तुमचं तोंड दोनदा उघडलं न् मिटलं. तुमी बोलाल म्हणूनच तर एवढी थांबली मी. मग गोळीची वेळ टळाय लागली.”

धोंडुबाई पाण्याकडे बघत होत्या. मग त्यांनी मागं वळून विचारलं, “हितनं फुडं काय हाय?”

“अमेरिका!” सयाजीरावांनी ठणकावून सांगितलं.

माझं तोंड उघडलं. या वेळी मी ते मिटू दिलं नाही.

“कॅनडा,” मी म्हणालो.

सयाजीरावांनी माझ्याकडे बघितलं. “अमेरिका, मास्तर.”

“सरळ गेलं तर कॅनडा,” मी म्हणालो. “मध्ये तीन हजार किलोमीटर नुसतं पाणी.”

धोंडुबाईंनी एकदा समुद्राकडे आणि एकदा नवऱ्याच्या पायांकडे बघितलं.

“मग आज ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “आत्ताच कुठं चप्पल वाळलीया ह्यांची.”