कांद्याचं माहेर

माणूस काय आणि कांदा काय, गावावरून ओळखावा हे शास्त्र आहे. दोघांचेही पापुद्रे काढत गेलं तर आत काही सापडत नाही, म्हणून शहाण्यानं वरच्या शिक्क्यावर थांबावं.

एकोणीसशे छप्पन साली चाकणच्या बाजाराला हे पटलं. पोत्यांवर जांभळ्या शाईनं ‘अस्सल चाकण’ असा शिक्का मारायला समिती बसली. समितीवर मूळचे चाकणकरच असावेत, हा पहिला नियम अध्यक्ष लक्ष्मणरावांनी स्वतः घातला. गुण लगेच आला. शेतं होती तेवढीच राहिली, कांदा मात्र दुप्पट झाला (जमिनीनं मनावर घेतलं असावं). बिनशिक्क्याचं पोतं व्यापारी उघडूनसुद्धा बघेनात.

अडली ती सुभद्राबाई. तिनं रोप टाकलं चाकणात, भावाच्या वाफ्यात. ते उपटून लावलं भामा नदीपलीकडं, सासरी. आता गाडीभर कांदा बाजाराच्या तोंडाशी उभा, आणि कोंब फुटायची वेळ झालेली.

“कांदा नदीपलीकडचा,” लक्ष्मणराव म्हणाले. “लेक नांदायला गेली की तिचं गाव बदलतं.”

सुभद्राबाईनं पदर खोचला. “अण्णा, लेक ती. कांदा त्यो हाय.”

समिती गंभीर झाली. व्याकरणाकडं कुणी पाहिलंच नव्हतं. (मिरचीला सासरचं गाव लागावं, असं तिथल्या तिथं ठरलं. वांगं नपुंसकलिंगी निघाल्यानं पुढल्या बैठकीवर ढकललं.)

“बाप्या सासरी ऱ्हायला तर त्यो घरजावई,” समितीतले व्यापारी मीरासाहेब सुपारी कातरत म्हणाले. “घरजावयाचं गाव मूळचंच ऱ्हातं. काय लक्ष्मणराव?”

लक्ष्मणराव छताकडं बघू लागले. तीस वर्षं ते चाकणात सासऱ्याच्या घरी राहत होते.

“मग कांदा चाकणचा,” सुभद्राबाई म्हणाली, “आन् अण्णा तळेगावचे.”

शिक्का बसला. नियम तो नियम, म्हणून लक्ष्मणराव उठले. मग बाकीच्यांची मुळं खणली, तर मीरासाहेब जुन्नरचे निघाले आणि उरलेले दोघे खेडचे. मूळचा चाकणकर असा सभेत एकच राहिला. तो पोत्यातून काढून अध्यक्षांच्या खुर्चीवर ठेवला. त्याच्या कारकिर्दीत एकही चुकीचा निर्णय झाला नाही. कोंब आल्यावर त्याला सन्मानानं निवृत्त केलं.

ही गोष्ट अस्सल चाकणची म्हणून तुम्ही चवीनं वाचलीत, हे योग्यच झालं. रोप कुठं टाकलं होतं ते विचारू नये. गोष्ट स्त्रीलिंगी आहे.