दीर्घ बंदूक

सेक्रेटरींच्या पत्राला सात दिवसांत उत्तर द्यायचं होतं. आज एकविसावा दिवस उजाडला, तरी वेलांटीकाकांची गाडी 'स. न. वि. वि.'च्या पुढे सरकली नव्हती. पत्र टेबलावर चष्म्याच्या घराखाली दबून पडलं होतं. काका रोज सकाळी घर उचलायचे, पत्र वाचायचे आणि घर पुन्हा त्यावर ठेवून द्यायचे.

पत्र चार ओळींचं होतं. 'आपण इमारतीच्या ग्रुपवर शस्त्राची मागणी केल्याने सभासद भयभित झाले आहेत. तरी आपल्याकडे बंदुक आहे किंवा कसे, याचा लेखी खुलासा सात दिवसात करावा. अन्यथा तळमजल्यावरील वाचनखोलीची किल्ली कमीटीकडे जमा करावी.'

चार ओळी आणि चार चुका. धमकी काकांनी एक वेळ सहन केली असती.

"एका वाक्याचं काम आहे," काकू म्हणाल्या. "नाही म्हणून लिहून टाका."

"नुसतं नाही कसं लिहू? मग तो शब्द मी ग्रुपवर टाकलाच कशाला, असं विचारतील."

"मग सांगा कशाला ते."

"ते सांगायचं तर सेक्रेटरींची चूक दाखवावी लागेल."

"तीच दाखवून तर इथवर आलो ना आपण?"

काकांनी चष्म्याचं घर पुन्हा पत्रावर ठेवलं. कशावरच त्यांना चटकन उत्तर सुचायचं नाही. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. दुसऱ्यांच्या लिहिण्यातल्या वेलांट्या-उकार सरळ करण्यापलीकडे जगात आपलं काही मत असावं, असं त्यांना कधी वाटलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी तळमजल्यावरची एक अडगळीची खोली मागून घेतली, पुस्तकांची दोन कपाटं आणि चार खुर्च्या मांडल्या, आणि अकरा वर्षं सकाळ-संध्याकाळ ती उघडली. तिची किल्ली बनियनच्या आत दोऱ्याला असायची. आंघोळीच्या वेळी तेवढी ती खुंटीवर जायची.

झालं होतं ते असं. इमारतीखालून दोन सायकली चोरीला गेल्या. सेक्रेटरींनी ग्रुपवर लिहिलं, 'स्वसंरक्षणासाठी काय हवे ते प्रत्येक घराने एकाच शब्दात कळवावे. भाषणे नकोत. बंदुक वगैरे अतीरेकी सूचना करु नयेत.' लगेच उत्तरं यायला लागली. कॅमेरा. कुत्रा. कुलूप. शिट्टी.

काका तोवर 'बंदुक' या शब्दापाशीच अडकले होते. तो ऱ्हस्व उकार त्यांना बुटातल्या खड्यासारखा टोचत होता. 'अतीरेकी' आणि 'करु'सुद्धा दुरुस्त करावेत, असं एकदा मनात आलं. पण एका संदेशात तीन चुका दाखवल्या तर सेक्रेटरींना वाईट वाटेल. माणूस बिचारा स्वतःचा वेळ खर्च करून काम करतो. म्हणून काकांनी मोठ्या मनाने एकच चूक निवडली आणि दुरुस्त करून टाकली.

शिट्टीच्या खाली शब्द उमटला: बंदूक.

तीन मिनिटांत चाळीस संदेश आले. काकांनी चष्मा पुसून ते सगळे वाचले, तेव्हा कुठे आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी घाईघाईने खुलासा लिहिला, 'कृपया गैरसमज नसावा. बंदूक दीर्घच हवी. बंदुकीला, बंदुकीने म्हणताना मात्र ऱ्हस्व चालते.'

तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी विचारलं, 'म्हणजे एक लांब नळीची आणि एक आखूड? दोन-दोन कशाला, काका?'

तेवढ्यात सेक्रेटरींनी ग्रुपला टाळं ठोकलं. यापुढे तिथे फक्त तेच लिहिणार होते. बाकीच्या घरांनी वाचायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या मजल्यावरचे वकील दारात हजर. त्यांना बऱ्याच दिवसांत चांगलं प्रकरण मिळालं नव्हतं.

"काका, ही मुस्कटदाबी आहे. आज तुमचं तोंड बंद केलं, उद्या माझं बंद करतील."

"तुमचं कसं करतील?" काकूंनी आतून विचारलं.

वकिलांनी ते ऐकलं नाही. "तुम्हाला बंदूक मिळू नये असंच माझं मत आहे. पण ती मागायचा हक्क तर हवा ना?"

"मी मागितलीच नाही हो."

"बघा. माणूस इतका दबलाय की स्वतःचं मतसुद्धा नाकारतोय. थांबा, हे लिहूनच घेतो."

तिथेच बसून त्यांनी एक निवेदन खरडलं आणि काकांपुढे धरलं. मथळा होता 'अभीव्यक्तीचा गळा'. काकांचा हात आपसूक खिशातल्या पेनाकडे गेला. 'भी' ऱ्हस्व केला, खाली दोन अनुस्वार दिले, एक स्वल्पविराम काढला. आणि चाळीस वर्षांच्या सवयीने कोपऱ्यात लिहिलं, 'छापण्यास हरकत नाही', आणि खाली सही ठोकली.

संध्याकाळपर्यंत घरोघरी दाराखालून निवेदनाची प्रत सरकली. प्रत्येकीवर काकांची सही होती. त्यानंतर दोनच दिवसांत सेक्रेटरींचं ते चार ओळींचं पत्र आलं.

पुढचे तीन आठवडे काकांनी आयुष्यात कधी भोगला नव्हता असा मान भोगला. जिन्यात माणसं भिंतीला चिकटून वाट द्यायला लागली. वरच्या मजल्यावर रोज रात्री जेवणानंतर खुर्च्या फरफटायच्या, त्या आता उचलून ठेवल्या जाऊ लागल्या. वाचनखोलीत तर पुस्तकं परत करायला रांग लागली. दंतवैद्यांनी सात वर्षांपूर्वी नेलेला शब्दकोश फडक्याने पुसून आणून दिला आणि "राग नसावा काका" म्हणत ते उंबऱ्यावरूनच मागे फिरले.

"लग्नाच्या बेचाळीस वर्षांत लोक पहिल्यांदा तुम्हाला घाबरतायत," काकू म्हणाल्या. "चार दिवस घाबरू द्या की. मलाही भाजीवाला आता निवडून भाजी देतो."

पण आलेलं पुस्तक परत कोणी नेत नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही कपाटं गच्च भरली आणि चारही खुर्च्या रिकाम्या राहिल्या. चौथ्या मजल्यावरच्या नर्सबाई रोज ड्यूटीवरून उतरल्या की थेट वाचनखोलीत यायच्या, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून एका जाडजूड कादंबरीची वीस पानं वाचायच्या आणि मगच वर जायच्या. त्यांनीही एक दिवस कादंबरी टेबलावर आणून ठेवली.

"संपली?" काकांनी विचारलं.

"नाही. पण घरात मुलं लहान आहेत ना, काका," त्या खाली बघत म्हणाल्या आणि गेल्या.

काकांनी पुस्तक उघडलं. खुणेची चिठ्ठी दोनशे बाराव्या पानावर होती. त्यांनी ती तशीच राहू दिली.

एकविसाव्या दिवशी दुपारी स्वतः सेक्रेटरी आले. पत्राला उत्तर नाही म्हणून किल्ली न्यायला आले असतील, या समजुतीने काकांचा हात बनियनकडे गेला. पण सेक्रेटरींनी आधी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"काका, त्या पत्राचं उत्तर दिलं नाहीत ना अजून?"

"आज लिहिणारच होतो. जरा शब्द..."

"नका लिहू."

"म्हणजे?"

"शेजारच्या इमारतीत परवा पुन्हा हात मारला चोरांनी. आपल्याकडे फिरकलेसुद्धा नाहीत. बातमी पोचलीय त्यांच्यापर्यंत. आता तुम्ही आहे म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. नुसते गप्प राहा. ते तर तुम्हाला जमतंच."

"पण तुम्ही लेखी खुलासा मागितला होता."

"कसला खुलासा? बोलायचं स्वातंत्र्य असतं तसं न बोलायचंही असतंच की. वकिलांना विचारून आलोय मी."

"आणि वाचनखोली?"

"ठेवा की तुमच्याकडेच. किल्ली कोण मागतंय?"

"तिथे कोणी येत नाही आता."

"मग तर तुम्हाला निवांत वाचता येईल," सेक्रेटरी म्हणाले आणि खूश होऊन गेले.

तीन आठवडे काका गप्प होते, पण ते स्वतःच्या भित्रेपणाने. त्यात निदान दुसऱ्या कोणाचा हात नव्हता. आता गप्प बसण्यावर सेक्रेटरींची मंजुरी पडली, आणि तोच गप्पपणा त्यांना नकोसा झाला. त्यांनी कागद ओढला आणि लिहायला बसले. अंधार पडायच्या आत चार पानं झाली. त्यांत सामान्यरूपाचा नियम होता, त्याचे अपवाद होते आणि तीन तळटिपा होत्या.

काकूंनी ती उभ्या उभ्या वाचली. "हे वाचून लोक म्हणतील, नसेल तर घेऊन द्या ह्यांना एखादी."

"मग काय करू?"

"सरका तिकडे."

त्यांनी कोरा कागद घेतला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'ह्यांच्याकडे बंदुक नाही. असती तर बेचाळीस वर्षांत मी एकदा तरी वापरली असती. वाचायला या.'

"करा सही."

काकांनी टोपण काढलं. पेनाचं टोक कागदापर्यंत गेलं आणि 'दु'वर थबकलं.

"अगं, इथे..."

"काय इथे?"

काकांनी विचार केला. हा 'दु' खोडून वर दीर्घ लिहिला, तर सगळ्या कागदावर त्यांच्या हातचा एकच शब्द उरणार होता, आणि तो कोणता हे इमारतीला पाठ होतं.

"काही नाही," ते म्हणाले, आणि चुकीच्या शब्दाखाली आयुष्यातली पहिली सही केली.

सेक्रेटरींना एकट्याला दिलं तर कागद गडप होणार. घरोघर जाऊन द्यायची छाती नव्हती. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी तेवीस प्रती काढून आणल्या, म्हणजे तीच चूक तेवीस वेळा. दुसऱ्या दिवशी सकाळी तेवीस पाकिटं आणि तेवीस तिकिटं घेऊन ते रस्त्यापलीकडच्या टपालपेटीपाशी उभे राहिले. पाकिटं अजून चिकटवलेली नव्हती आणि कालपासून उघडं ठेवलेलं पेन हातातच होतं. तिथे उभ्याने त्यांनी एकेक चिकटवलं. नर्सबाईंचं सगळ्यांत आधी पेटीत टाकलं, सेक्रेटरींचं सगळ्यांत शेवटी. ते आत पडल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे काकांनी पेनाला टोपण लावलं.