आप्पांची चाकं

आष्ट्यात मोटार पोत्यावर उभी करणारा माणूस एकच होता, आमच्या समोरचे आप्पा सुभेदार. प्रत्येक चाकाखाली एक धुतलेलं पोतं. सांगलीला जायचं झालं की पोती डिकीत जायची, आणि तिथं पोचल्यावर शेजारी बसलेल्यानं आधी उतरून ती अंथरायची. मी एकदा भर बाजारात अशी पोती पसरत होतो, तर एका बाईनं येऊन मला वांगी आहेत का म्हणून विचारलं.

आप्पांची सगळी नोकरी फौजेतल्या गाड्यांवर गेलेली. आता काळी फियाट होती आणि तिचे सायीच्या रंगाचे रिम होते. त्यांचा जीव त्या रिमांवर. म्हणायचे, "गाडीचं तोंड कोन बी धुतंय. पाय बघा म्हंतो मी."

एका उन्हाळ्यात शेजारच्या मोकळ्या जागेत गल्लीतल्याच तुकाराम पेंटरनं ट्रक रंगवायला घेतला. स्प्रेवर त्याचा हात चांगला बसलेला, पण दुपारी वारा फिरला. फियाटवर खोळ होती, ती चाकांपर्यंत पोचत नव्हती. संध्याकाळी आप्पा बघतात तर ट्रककडच्या दोन्ही चाकांवर पोपटी रंगाचे बारीक ठिपके, गोवर उठल्यासारखे.

गल्ली गोळा झाली. कुणी ब्लेडनं खरवडा म्हणालं. आप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो जेवायची वेळ झाली सांगून घरी गेला. तुकाराम बिचारा ओशाळून थिनरचा डबा घेऊन आला. आप्पा चाकासमोर आडवे उभे राहिले.

"थिनरनं हिरवं जाईल, आन् त्याच्यासंगं खालची साय बी जाईल. दमानं घ्यायचं, गड्या."

आधी त्यांनी डिकीतली स्टेपनी काढली. तिच्या मागच्या बाजूला रॉकेलचा बोळा लावून ठेवला, मग पांढऱ्या फडक्यानं पुसून पाहिलं. फडक्याला सायीचा रंग लागला नाही, तेव्हा कुठं चाकाला हात लावला. जुन्या धोतराचा मऊ तुकडा रॉकेलात भिजवून ठिपक्यांवर धरायचा, ते मऊ पडले की बोटानं हळू फिरवायचं, चिवट असेल त्याला फडक्याआडून नख. शेवटी साबणाचं पाणी आणि कोरडं फडकं.

एका बाजूला आप्पा, एका बाजूला तुकाराम, आणि हात रिकामे दिसले म्हणून मीही. रोज संध्याकाळी बैठक बसू लागली. आमच्या घरून भजी यायची, चहा आप्पा करायचे. त्यांनी फौजेतल्या गोष्टी काढल्या की तुकाराम हसता हसता रॉकेलचं भांडं लवंडायचा, आणि आप्पा त्याला पुन्हा भरायला पाठवायचे.

पहिलं चाक भराभर निघालं. दुसरं काही केल्या संपेना. तुकाराम बुचकळ्यात पडला, रंग एकच, वारं एकच, मग हेच चाक एवढं हट्टी कसं?

एके दिवशी तुकाराम लवकर गेला. मी पाहिलं, हवा भरायच्या नळीजवळ चार-दोन ठिपकेच उरले होते. एवढे मी काढून टाकतो म्हणत मी फडकं उचललं. आप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खाली बघून फडकं पिळत होते.

"मंडळी गेल्यापास्नं या घरात कवा दुसरा कप काढाय लागला न्हवता," ते म्हणाले. "पोरगं तिकडं आसामात. ठिपकं संपलं की तुमी बी आपापल्या घरी जाल की."

मी फडकं खाली ठेवलं आणि म्हणालो, "आवं आप्पा, ठिपके नसले तरी आम्ही येऊ की."

त्यांनी मान हलवली, पण विश्वास बसला असं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो तर दुसरं चाक लख्ख होतं. उरलेलं त्यांनी स्वतःच पुसलं होतं. ओट्यावर सतरंजी टाकलेली, तुकाराम आधीच येऊन टेकलेला. आत स्टोव्ह फरफरत होता. चहात आलं घातलं तर चालेल का, असं आप्पांनी आतूनच विचारलं. मी चालेल म्हणालो आणि चपला काढून वर चढलो.