वासाची सूट

भाड्याचं घर मिळवणं ही एक कला आहे आणि ती आपल्याइतकी अख्ख्या रायगड जिल्ह्यात कुणाला साधलेली नाही, असं कुलदीपचं ठाम मत होतं. हे मत त्यानं नवी मुंबईत वर्षभर जोडे झिजवून कमावलेलं होतं. तिथं प्रत्येक घरमालकाचा पहिला प्रश्न एकच, "खाता काय?" कुलदीप खरं सांगायचा, "मासे!" आणि दार बंद व्हायचं.

आता रेवदंड्याच्या एका पतपेढीत नोकरी लागली होती. तळा या आपल्या गावाहून रोज एसट्या बदलत यायचं, म्हणजे पगार हातात पडायच्या आत कंबर खलास! घर हवं होतं, स्वस्त हवं होतं आणि सगळं पायी जाण्याइतकं जवळ हवं होतं. तसं ते सापडलंही, भर बाजारपेठेत! पतपेढी शेजारच्या आळीत, वाणी समोर आणि मासळीबाजार तर इतका जवळ, की कांदा परतायला टाकून निघावं आणि तो करपायच्या आत बोंबील घेऊन परतावं.

"खरं काय ते सांगा हं," ओट्याच्या पायऱ्या चढताना त्याची बायको मृणाल म्हणाली.

"तू गप्प बस! अनुभव कुणाला आहे?"

घरमालकीण हुस्नबानू, सगळ्या आळीची खाला म्हणजे मावशी, खालच्या मजल्यावर राहायची. नवरा आणि मुलगा कुवेतला, घरात सून रुबिना. हुस्नबानूनं अजून 'बसा'सुद्धा म्हटलं नव्हतं, तोच कुलदीप छाती फुगवून म्हणाला, "खाला, आम्ही शुद्ध शाकाहारी! अंडंसुद्धा नाही!"

मृणालच्या हातातली पिशवी खाली पडली. गच्चीवर बोंबील वाळत होते, जिन्यात कोलंबीचा घमघमाट होता, पण ते बघणार कोण? पठ्ठ्यानं नवी मुंबईचं औषध रेवदंड्याला पाजलं होतं.

हुस्नबानूला त्याची कीव आली. "अरे बेटा, मग आमच्या वासाचा तुला त्रास होईल ना रे! असं कर, भाडं थोडं कमी दे. वासाची सूट समज."

बाहेर येताच कुलदीपनं बायकोला कोपरानं ढोसलं. "बघितलंस? शाकाहाराला किंमत आहे!"

"आणि मासे?"

"गुपचूप आणायचे!"

गुपचूप! मंडळी, अशा वस्तीत एक गोम असते. सगळं आपल्या जवळ असतं, तसे आपणही सगळ्यांच्या जवळ असतो. पहिल्याच सकाळी कुलदीप मासळीबाजारात शिरला, तर बायजा कोळणीनं झटकन टोपलीवर फडकं ओढलं.

"अरं दादा, वाट चुकलास काय? भाजी तिकडं हाय! तुला वास सोसत न्हाय, हुस्नबानू बोलली मला!" आणि हाताला धरून तिनं त्याला दुधीच्या ढिगासमोर उभं केलं.

त्याच संध्याकाळी खालाकडे बोंबील तळत होते. कुलदीप जिन्यात थबकला. भिंतीला टेकला, डोळे मिटले आणि छातीभरून वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. नेमकं तेव्हाच दार उघडलं.

"या अल्लाह! पोराला भोवळ आली! रुबिना, पाणी आण! कढई उतरव आधी!"

"नको, खाला! राहू द्या ती कढई!" कुलदीप जिवाच्या आकांतानं ओरडला.

"बघ, किती सोशीक पोर! आता माझ्या घरात मासा तळणार नाय. कसम!"

झालं! बोंबील गच्चीवरून खालाच्या भावाच्या वाडीत गेले. बायजा टोपली घेऊन लांबच्या आळीनं जाऊ लागली. वर खाला रोज प्रेमानं दुधीची भाजी पाठवायची. कुलदीपला लाज वाटायची, अगदी मनापासून वाटायची. पण खरं सांगावं तर घर जाणार आणि पुन्हा एसटी!

शेवटी मृणालनं निर्वाणीचं सांगितलं, "एक तर मला मासे खाऊ घाला, नाहीतर मी माहेरी चालले. मग तुम्ही आणि तुमचा दुधी!"

रविवारी दोघं निघाली, रिक्षा करून, पार अलिबागला! मासळीबाजार पायाशी हवा म्हणून ज्यानं घर घेतलं, तो मासे खायला रिक्षानं निघाला! खानावळीतलं कोपऱ्यातलं टेबल धरलं, सुरमई आली, पहिला घास तोंडात गेला आणि खांबाच्या पलीकडून आवाज आला, "आणखी एक बोंबील आण रे! कडक तळ!"

कुलदीपनं खांबाआडून डोकावून पाहिलं. पलीकडे खाला आणि रुबिना. पुढ्यात काट्यांचा ढीग!

"खाला, तुम्ही? इथं?"

"मग काय करू? तुझ्यापायी घरात कढई बंद! दर रविवारी इथंच..." बोलता बोलता तिची नजर ताटावर गेली. "बेटा, हे काय हाय?"

"ही... ही मृणालची!"

"माझी ही इथं आहे," मृणालनं आपलं ताट पुढं सरकवलं.

मग मात्र कुलदीपचा बांध फुटला. "खाला, नवी मुंबईत खरं बोललो तर कुणी दारात उभं करेना. म्हणून इथं खोटं बोललो. चुकलो! पण घर काढून घेऊ नका!"

खाला ठसका लागेपर्यंत हसली. "येड्या! रेवदंड्यात येऊन दुधी खाल्लास? आणि मलापण उपाशी मारलंस! जेव आता, सुरमई थंड होतेय."

दुसऱ्या दिवशी बोंबील गच्चीवर परत आले. तेही नेमके कुलदीपच्या खिडकीच्या वरच. पाठोपाठ खाला आली.

"बेटा, वासाची सूट बंद. आता पुरं भाडं."

"पण खाला, वास तर आता जास्त येतोय!"

"मग? तुला आवडतो ना!"

कुलदीपनं पुरं भाडं मोजून दिलं. दुपारी ऊन चढलं, बोंबील तापले आणि मृणाल नाकाला पदर लावून खिडकी लावायला उठली.

"उघडी राहू दे ती!" कुलदीप कळवळून म्हणाला. "भाडं भरतोय आपण त्याचं!"