दिवसा वीस, रात्री आठ

"भूतानची ट्रिप मी प्लॅन करणार! तू फक्त विमानात बसायचं!" टेक्सासमधल्या प्लेनोतल्या आपल्या किचनमध्ये गुरुनाथने छाती ठोकली. नीलांबरीने बायको या नात्याने शंकेने पाहिलं. तिचं मागणं एकच होतं, कड्यावरचा तो तक्तसांग मठ स्वतःच्या पायांनी चढायचा. कितीतरी वर्षांचं स्वप्न होतं तिचं!

तिकडच्या गाइडचा, दोर्जीचा, मेसेज आला, 'ऑक्टोबरात तापमान दिवसा वीस, रात्री आठ.'

गुरुनाथ जागच्या जागी गारठला. पाणी बत्तीसला गोठतं, आणि इथे भर दुपारी वीस! टेक्सासात मुरलेलं डोकं, ते फॅरेनहाइटमध्येच चालणार. त्याने तडक कळवलं, 'चढण कॅन्सल. मठ हॉटेलातूनच बघू.'

"कॅन्सल केलंस?" नीलांबरीचे डोळे भरून आले.

गुरुनाथ विरघळला. "थांब, नीलू! आधी मी सवय करतो. जमलं की परत बुक!"

झालं! सप्टेंबरच्या रणरणत्या उन्हात जाडजूड जॅकेट, हातमोजे आणि माकडटोपी चढवून साहेब कॉलनीत फेऱ्या मारू लागले. घामाच्या धारा लागल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि कोपऱ्यावर पोलिसांची गाडी उभी! कुणा शेजाऱ्याने फोन केला होता.

"सर, आर यू ओके?"

"प्रॅक्टिस!" गुरुनाथ धापा टाकत इंग्रजीत म्हणाला. "भूतानला दुपारी वीस असतं!"

"ट्वेंटी?" पोलीस गंभीर झाला. "देन यू नीड बेटर ग्लव्ह्ज."

तेवढ्यात लेक ज्ञानदा धावत आली. "बाबा! दॅट्स सेल्सिअस!"

गुरुनाथने माकडटोपी काढली. लहानपणी नागपूरच्या पंचेचाळीसमध्ये आपण क्रिकेट खेळायचो, ते काय कडाक्याच्या थंडीत? बिचारा फार ओशाळला. घरी येऊन त्याने दोर्जीची माफी मागितली आणि चढण पुन्हा बुक करायला सांगितली.

दोर्जी सज्जन माणूस. पाहुणे अमेरिकेचे, म्हणून त्याने तेच वीस या वेळी फॅरेनहाइटमध्ये करून पाठवले, 'नक्की! काळजी नको, दिवसा अडुसष्ट.'

पण गुरुनाथ आता शहाणा झाला होता. त्याने कॅल्क्युलेटर काढला. गुणिले नऊ, भागिले पाच, अधिक बत्तीस...

"नीलू! एकशे चोपन्न! पापडासारखे भाजून निघू! कॅन्सल करतो!"

नीलांबरीने शांतपणे त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि दोर्जीला लिहिलं, 'चढायला मी आणि लेक. साहेबांसाठी हॉटेलात खिडकीपाशी खुर्ची ठेवा.'